पहिल्या प्रयोगाआधीचे चार तास : नाट्यगृह विभागांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील महानगरपालिका आणि नगरपालिकांचे नाट्यगृह विभाग व नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांस,

विषय : छोट्या संस्थांना पहिल्या प्रयोगाआधी त्याच रंगमंचावर चार तासांची तांत्रिक तालीम मिळावी आणि प्रयोगाची तारीख वेळेत पक्की व्हावी, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागणी विषयातच लिहिली आहे. तांत्रिक तालीम म्हणजे दिवे, आवाज आणि नेपथ्य यांसह केलेली तालीम. ती का करतो आहोत, हे समजण्यासाठी आधी एका संध्याकाळचा हिशेब मांडतो.

दोन अंकी, पाच पात्रांचं, मध्यंतर धरून एक तास पन्नास मिनिटांचं नाटक घ्या. नेपथ्यात चार फ्लॅट (भिंतीसारखे उभे करायचे तुकडे), एक दरवाजाची चौकट, एक फूटभर उंचीची आठ बाय चार फुटांची लेव्हल (चौथरा), एक दिवाण आणि दोन खुर्च्या. चोवीस दिवे, प्रकाशाचे सत्तरेक क्यू (ठरल्या क्षणी करायचे बदल) आणि आवाजाचे तीस-पस्तीस. हौशी किंवा प्रायोगिक संस्थेचं नाटक साधारण एवढंच असतं. आता त्याला लागणारा वेळ बघा. टेम्पो उतरवून सामान आत घ्यायला 20 मिनिटं. दिवे बारवर (आडव्या नळ्यांवर) टांगून जोडायला 45. नेपथ्य उभं करायला 50. एकेक दिवा फोकस करायला, म्हणजे नेमक्या जागेवर रोखायला, 45. सत्तर क्यू प्रकाशाच्या नियंत्रण बोर्डवर नोंदवायला, मिनिटाला एक धरला तरी, तासाहून थोडा जास्त. आपण 60 धरू. आवाज तपासायला 20. प्रवेश बदल, काळोखातल्या हालचाली आणि अवघड जागा नटांसह एकदा करून बघायला 40. प्रेक्षक आत घ्यायला 20, प्रयोग 110 आणि आवराआवर 40. बेरीज होते 450 मिनिटं, म्हणजे साडेसात तास.

आपलं एक सत्र, म्हणजे एका कार्यक्रमाला भाड्याने मिळणारी वेळ, सर्वसाधारणपणे चार ते पाच तासांचं असतं. पाच धरले तरी प्रेक्षक, प्रयोग आणि आवराआवर यांचे 170 मिनिटं वजा जाता हातात 130 मिनिटं उरतात. त्यात 280 मिनिटांचं काम बसवायचं असतं. शिवाय आधीच्या सत्रातल्या कार्यक्रमाचा सत्कार लांबला तर त्या 130 मधलीही वीस-पंचवीस जातात.

मग कात्री कुठे लागते? नेपथ्य कमी करता येत नाही, ते उभं करावंच लागतं. दिवे टांगावेच लागतात. कापलं जातं ते फोकसिंग, क्यूंची नोंद आणि नटांसह करायची तालीम. नाटकाला नाटकपण देणारी तीन कामं तीच, आणि प्रेक्षकाला 'हौशी' वाटतं तेही तिथेच. चेहरा अंधारात आणि भिंत उजेडात, फोन वाजायच्या आधीच नट रिसीव्हर उचलतो, ब्लॅकआऊटमध्ये कोणीतरी दिवाणाला अडखळतं. सहा आठवडे तालीम केलेल्या माणसांच्या कामाचं मोजमाप अशा चुकांवरून होतं, आणि ही चूक त्यांच्या तयारीतली नसते.

तालमीच्या हॉलमध्ये याची तयारी करता येत नाही का, असा प्रश्न रास्त आहे. काही अंशी येते आणि ती केलीच पाहिजे. रंगमंचाची मापं आधी मिळाली, तर हॉलच्या फरशीवर टेपने विंगा, दरवाजा, लेव्हल यांच्या खुणा करून घेता येतात. पण तालमीचा हॉल बहुधा वीस फूट रुंद असतो आणि आपल्या नाट्यगृहांची रंगमंचाची कमान त्याच्या दीडपट-दुप्पट. तालमीत दिवाणापासून विंगेपर्यंत दहा फूट, म्हणजे चार पावलं. रंगमंचावर तेच अंतर वीस फूट, आठ पावलं. फरक दोन सेकंदांचा. पण त्या दोन सेकंदांत निघून जातानाचं वाक्य संपतं, नट अजून मध्येच चालत असतो आणि संगीत विरून गेलेलं असतं. नाटकात अशी तीसेक जाणी-येणी असतात. प्रत्येक ठिकाणी एकतर वाक्य उशिरा सुरू करायचं किंवा संगीत लांबवायचं, हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवता येतं फक्त त्या मंचावर उभं राहून.

प्रकाशाचं तर सगळंच त्या वास्तूवर अवलंबून. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की पडणारा प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. पन्नास-शंभर खुर्च्यांच्या जागेत पंधरा फुटांवरून चेहरा उजळणारा दिवा मोठ्या नाट्यगृहात पंचेचाळीस फुटांवरच्या समोरच्या बारवर गेला की चेहऱ्यावर एक नवमांश उजेड उरतो. ऑपरेटर घाबरून समोरचे सगळे दिवे पूर्ण चढवतो. मग चेहरा दिसतो, पण सपाट, कागदाला चिकटवल्यासारखा. कारण मागून खांद्यावर येणारा प्रकाश त्या मानाने फिका पडलेला असतो. बाल्कनीच्या कठड्यावरच्या बारचा कोन पंचेचाळीस अंशांपेक्षा बराच कमी असेल, तर नटाची सावली मागच्या फ्लॅटवर चढते. उपाय साधा आहे. फ्लॅट नटाच्या हालचालीच्या जागेपासून पाच-सहा फूट मागे घ्यायचा किंवा त्या ठिकाणी बाजूचा दिवा वापरायचा. पण फ्लॅट मागे गेला की दरवाजा हलतो, दरवाजा हलला की प्रवेश हलतो, आणि मग प्रवेशांची तालीम पुन्हा करावी लागते. प्रेक्षक बाहेर रांगेत उभे असताना हे होत नाही.

कामाचा क्रमही इथे महत्त्वाचा. आधी दिवे टांगायचे, मग नेपथ्य, मग फोकस. नेपथ्य आधी लागलं तर शिडीचा घोडा उभा करायला जागा राहत नाही, आणि वरचा दिवा फिरवण्यासाठी अर्धं नेपथ्य पुन्हा हलवावं लागतं. घाईच्या सत्रात टेम्पो आला की सगळे सामान आत ओढतात, आणि हीच चूक होते.

जुने हॅलोजन दिवे आणि नवे एलईडी एकत्र वापरताना दोन गोष्टी हमखास चुकतात. हॅलोजन मंद केला की तांबूस होतो, एलईडी होत नाही. त्यामुळे संध्याकाळच्या प्रसंगात नटाचा एक गाल तांबडा आणि एक निळसर दिसतो. तो मेळ डोळ्यांनी बघून, एकेक दिव्याचा रंग बदलूनच बसवावा लागतो. दुसरी चूक जास्त महागाची. एलईडीला थेट वीज लागते. डिमरच्या (दिवा मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राच्या) लाइनवर तो जोडला तर लुकलुकतो, आणि त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळूही शकतो. कोणता सॉकेट डिमरवर आहे आणि कोणता थेट, हे बारवर लिहिलेलं नसलं की हे घडतं. तसंच डीएमएक्सच्या, म्हणजे बोर्डकडून दिव्यांना हुकूम नेणाऱ्या, वायरीचं. माइकची वायर दिसायला तशीच, टोकही तेच. दोन-चार दिव्यांना ती चालून जाते, साखळी लांबली की दिवे मनाने उघडमीट करू लागतात. योग्य वायर आणि साखळीच्या शेवटी 120 ओहमचा टर्मिनेटर (रोध), एवढ्याने ते थांबतं. हे सापडायला मात्र शांतपणे अर्धा तास द्यावा लागतो.

विजेच्या भाराबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं. हजार वॉटचा दिवा 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह घेतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन बसतात, चौथा नाही. चौथा लावल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून तो लावला जातो. प्लग आणि वायर हळूहळू तापत राहतात, आणि जे व्हायचं ते दुसऱ्या अंकात होतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 1915 साली राजर्षी शाहू महाराजांनी उभं केलेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत सापडलं आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर तरी 'आमच्याकडे चालतं असंच' हे उत्तर कोणत्याही नाट्यगृहाच्या विद्युत कक्षातून येऊ नये. तांत्रिक तालमीत सगळे दिवे अर्धा तास पूर्ण क्षमतेवर ठेवून प्लग हाताने तपासता येतात, कोमट आणि गरम यांतला फरक तिथेच कळतो. पडद्यांचं आणि किरायाने आणलेल्या कापडाचं अंतर गरम दिव्यांपासून किती आहे, हेही तेव्हाच दिसतं.

आवाजाचं थोडक्यात. लॅपटॉपचा चार्जर डिमरच्याच लाइनवर लावला की स्पीकरमधून घूं आवाज येतो. ध्वनियंत्रणेला वेगळी लाइन द्यावी, लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (असा घूं आवाज रोखणारी डबी) असावा, आणि काहीच हाताशी नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. ध्वनीच्या फाइल त्याच यंत्रात उतरवून ठेवलेल्या असाव्यात, इंटरनेटवरून वाजवू नयेत. फोन वापरत असाल तर तो विमान मोडवर. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि मोठा वाटतो. माणसं बसली की त्यांचे कपडे, शरीरं तो शोषून घेतात. म्हणून तालमीत बरोबर वाटलेली पातळी प्रयोगात थोडी वाढवावी लागते, आणि नटांनाही शब्दांची शेवटची अक्षरं जास्त स्पष्ट टाकावी लागतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आवाज शेवटी पडला तर अकराव्या रांगेतल्या माणसाला कोणी काय केलं तेच कळत नाही.

आता मागणी नेमकी काय ते लिहितो. छोट्या संस्थेच्या नाटकाचा पहिला प्रयोग सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी असेल आणि त्याला लागून असलेलं आधीचं सत्र सात दिवस आधीपर्यंत कोणीही घेतलेलं नसेल, तर त्यातले चार तास त्या संस्थेला फक्त वीज आणि कर्मचारी खर्चावर द्यावेत. लागून असलेलं सत्र यासाठी की लावलेलं नेपथ्य आणि फोकस केलेले दिवे तसेच राहतात. या चार तासांचे 240 मिनिटं आणि पुढच्या सत्रातले 130 मिळून 370 होतात. लागतात 280. उरलेल्या दीड तासात माणसं जेवतात, रंगभूषा होते, आणि तिसऱ्या घंटेला विंगेत उभा असलेला नट धापा टाकत नसतो.

आधीचं सत्र विकलं गेलं असेल, तर आधीच्या तीन दिवसांतलं कोणतंही रिकामं सत्र चालेल. तेव्हा नेपथ्य पूर्ण लावायचं नाही. रंगमंचावर टेपने खुणा करायच्या, नाट्यगृहाचेच दिवे वापरायचे आणि मधले संवाद गाळून एका क्यूवरून दुसऱ्या क्यूवर जायचं. ही तालीम तीन तासांत आटोपते. बोर्डवर नोंदवलेले क्यू पेनड्राइव्हवर घेता आले, तर प्रयोगाच्या दिवशी निम्मं काम झालेलं असतं.

यात आपलं नुकसान किती, याचाही विचार आम्ही केला आहे. भाड्याचं उत्पन्न बुडत नाही, कारण सत्र मुळात रिकामंच होतं. नाट्यगृहाच्या वीजबिलाचा मोठा भाग वातानुकूलनाचा असतो, आणि तांत्रिक तालमीला ते लागत नाही. दिव्यांचा सरासरी भार दहा किलोवॉट धरला आणि ते तीन तास चालू राहिले, तरी तीस युनिट होतात. एक विद्युत कर्मचारी आणि एक द्वारपाल एवढी माणसं पुरतात. त्यांचा अतिरिक्त भत्ता संस्थेनेच भरावा. तो फुकट मागणं आम्हाला योग्य वाटत नाही. त्या माणसांवर आधीच पुरेसा ताण आहे.

संस्थांवरही अटी घालाव्यात. रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर खिळा ठोकायचा नाही. फ्लॅट मागून ब्रेस (तिरपे टेकू) आणि वजनांवर उभे करायचे. एका फ्लॅटमागे किमान दहा किलोचं वजन, दरवाजा असलेल्या चौकटीमागे त्याच्या दुप्पट, नाहीतर दार आपटलं की सगळी भिंत हलते. टेप काढून न्यायची, डिंक राहिला असेल तर पुसायचा. रंगकाम आत करायचं नाही. वेळ संपल्यावर दहा मिनिटांत जागा मोकळी करायची. यातलं काही मोडलं तर अनामत जप्त करावी. काही संस्थांनी मंचाची जी नासधूस करून ठेवली आहे ती आम्ही पाहिली आहे, आणि आपल्या कर्मचाऱ्यांचा त्यावरचा राग आम्हाला मान्य आहे.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रत्येक नाट्यगृहाने आपलं तांत्रिक पत्रक जाहीर करावं. दोन पानं पुरतात. कमानीची रुंदी आणि उंची, रंगमंचाची खोली, दोन्ही विंगांमधली मोकळी जागा, सामान आत घेण्याच्या दाराची रुंदी आणि उंची. हे शेवटचं माप सगळ्यात दुर्लक्षित; आठ फूट उंचीचा फ्लॅट सात फुटी दारातून आडवा येतो, पण पुढे बोळ वळला की अडकतो, आणि मग करवत निघते. बार किती, कमानीपासून किती अंतरावर, खाली येतात की शिडीनेच गाठावे लागतात, एकेका बारला किती वजन चालतं. डिमरचे चॅनल किती आणि त्यांतले आज चालू किती. थेट विजेचे सॉकेट कुठे. प्रकाशाचा बोर्ड कोणता. मिक्सरला किती माइक लागतात. रंगपट किती आणि त्यांत आरसे, पंखे, पाणी आहे का. दर महिन्याच्या एक तारखेला बंद पडलेल्या वस्तूंची ओळ बदलली, तरी पुरे. हे पत्रक हातात असेल तर छोटी संस्था नेपथ्य त्या मापात बेतते, जास्तीचे दिवे किरायाने आणते आणि आयत्या वेळी आपल्या व्यवस्थापकाच्या दारात उभी राहत नाही.

आता तारखेकडे येतो. नाटकाची प्रसिद्धी तारीख पक्की झाल्याशिवाय सुरू होत नाही. व्यावसायिक निर्मात्याकडे वृत्तपत्रात दर आठवड्याला जाहिरात द्यायची ताकद असते, ओळखीचा चेहरा असतो. छोट्या संस्थेकडे असतात ते दिवस. पंचेचाळीस दिवस हातात असतील तर प्रसिद्धी जवळजवळ पैशांशिवाय करता येते. बारा दिवस असतील तर पैसे ओतूनही होत नाही.

ती कशी होते ते सांगतो, म्हणजे मागणीतला पंचेचाळीसचा आकडा कुठून आला ते कळेल. नाट्यसंहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधीच गेलेली असावी लागते, कारण प्रमाणपत्राशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही. तीस दिवस आधी छायाचित्रं. तेव्हा नेपथ्य तयार नसतं, म्हणून काळ्या कापडासमोर दोन पात्रांचे खरे कपडे घालून ती काढावी लागतात. एलईडीच्या उजेडात कॅमेऱ्याचा शटर एक पन्नासांश किंवा एक शंभरांश सेकंदावर ठेवायचा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येण्याचा धोका. मग भित्तिपत्रक. त्यावर नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नाट्यगृह, तारीख, वार, वेळ, नाटकाची लांबी, तिकिटाचा दर आणि तिकीट कुठे मिळेल हे सगळं हवं. वार लिहायला विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक, आणि माणूस संध्याकाळ ठरवतो ती वारावरून. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे पुढे जाताना पुसट होत जातं, म्हणून बुकिंगचा दुवा आणि फोन क्रमांक चित्रात ठेवून भागत नाही, तो खाली मजकुरात वेगळा लिहावा लागतो. मोबाइलवर दिसणाऱ्या उभ्या चित्रात सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर कोणी वाचत नाही.

एकवीस दिवस आधी तिकीटविक्री सुरू. दहा दिवस आधी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना टिपण, अडीचशे शब्दांचं, सोबत छापण्याजोगी दोन छायाचित्रं, एक आडवं आणि एक उभं, खाली पात्रांची नावं डावीकडून उजवीकडे. पुरवणीचं पान काही दिवस आधीच लागलेलं असतं, त्यामुळे चार दिवस आधी पाठवलेलं टिपण वाया जातं. सात दिवस आधी पन्नास सेकंदांची चित्रफीत; पहिल्या तीन सेकंदांत बोलणारा चेहरा हवा, शीर्षक नंतर, आणि खाली अक्षरं हवीत कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. दोन दिवस आधी 'आजचे कार्यक्रम' या सदरासाठी चार ओळी. शेवटचे तीन दिवस फोन. छोट्या नाटकाची निम्मी तिकिटं या फोनवर जातात असा सगळ्यांचाच अनुभव, आणि त्याची जागा अजून कोणत्याही समाजमाध्यमाने घेतलेली नाही.

आता ही साखळी बारा दिवसांत बसवून बघा. पुरवणी हुकते, तिकीटविक्रीला आठवडा मिळतो, छायाचित्रं आणि तालीम एकाच संध्याकाळी येतात. म्हणून तारखांचं वाटप झाल्यावर प्रतीक्षायादीतल्या छोट्या संस्थांना निदान पंचेचाळीस दिवस आधी होकार किंवा नकार लेखी कळवावा. नकारही चालेल. लटकत ठेवणं चालत नाही.

आणि पक्की झालेली तारीख सभा, मेळावा किंवा शासकीय कार्यक्रमासाठी काढून घेऊ नये. अगदीच अटळ असेल तर भाडं परत करण्याबरोबर त्याच महिन्यातली पर्यायी तारीख द्यावी, छापलेल्या भित्तिपत्रकांचा आणि बुकिंगच्या परताव्याचा खर्च द्यावा, आणि नाट्यगृहाच्या दारावर तसा फलक स्वतः लावावा. तारीख फिरली की विकलेली सगळी तिकिटं परत येतात, पण नव्या तारखेला ती सगळी माणसं परत येत नाहीत.

तिकिटांबद्दल एक व्यावहारिक सूचना. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे छोट्या नाटकांचे दर त्याच्या बरेच खाली असतात. समजा दर दोनशे आहे. एकशे वीस प्रेक्षक आले तर चोवीस हजार. पहिल्या प्रयोगाला एकशे वीस ही चांगली संख्या आहे. पण हजाराच्या आसपास खुर्च्यांच्या सभागृहात ते विखरून बसतात, हसू एका कोपऱ्यात विरतं, आणि मंचावरून सगळं रिकामं दिसतं. म्हणून बाल्कनी आणि मागच्या रांगा बंद ठेवून फक्त पुढचा भाग घेण्याची सोय हवी, भाडंही त्या प्रमाणात. बंद भागातले दिवे आणि तिथलं वातानुकूलन बंद राहिलं तर आपलीही बचत होते. तिकीट खिडकी आणि ऑनलाइन विक्री एकाच वेळी चालू असेल, तर रांगा वाटून द्याव्यात. उदाहरणार्थ, पहिल्या सहा रांगा ऑनलाइन, पुढच्या सहा खिडकीवर. कागदी प्लॅनवर एकाने खूण करायची आणि तेच आसन दुसऱ्याने संकेतस्थळावर विकायचं, असं झालं की प्रयोगाच्या आधी दहा मिनिटं द्वारपाल आणि प्रेक्षक यांच्यात भांडण ठरलेलं. पाहुण्यांचे पासही आसन क्रमांक टाकूनच द्यावेत, 'मागे कुठेही बसा' म्हणून नव्हे.

शेवटची मागणी लहान आहे. नाट्यगृहाच्या दर्शनी भागात तीन बाय दोन फुटांची एक जागा छोट्या नाटकांसाठी राखून ठेवावी, प्रयोगाआधी दहा दिवस, विनाशुल्क. शेजारच्या नाटकाला आलेला प्रेक्षक मध्यंतरात चहा घेऊन तिथे उभा राहतो. नाटक बघणारा माणूस दुसरं नाटक बघायची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तो तिथे आधीच आलेला असतो.

मराठी रंगभूमीत नवं जे घडलं त्यातलं बरंचसं छोट्या जागांत घडलं. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने सुरू केलेल्या चळवळीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ते एका शाळेचं सभागृह होतं, नाट्यगृह म्हणून बांधलेलं नव्हतं. तरी तिथे नाटकवाल्यांना जागा मिळाली, आणि तिथून आलेल्या लेखक, दिग्दर्शक, नटांनी पुढची कित्येक वर्षं मोठ्या रंगमंचांना माणसं पुरवली. आज शहरोशहरी लोकांच्या करातून बांधलेली नाट्यगृहं आहेत, त्यांची दुपारची सत्रं आठवड्याच्या मधल्या दिवशी कुलूपबंद असतात, आणि त्याच शहरातली मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेपने विंगा आखून तालीम करतात. हे कुलूप उघडण्यासाठी नवा निधी, नवी समिती किंवा नवी वास्तू लागत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं एक परिपत्रक पुरतं.

तांत्रिक पत्रक तयार करायला मनुष्यबळ नाही, अशी अडचण येईल हे आम्हाला माहीत आहे. ते काम आम्ही करून देऊ. प्रत्येक नाट्यगृहासाठी दोन माणसं, एक मोजपट्टी, एक मल्टिमीटर आणि एक पूर्ण दिवस लागेल. देखभालीसाठी नाट्यगृह बंद असेल असा वार कळवावा. त्या दिवशी शिडी, विद्युत कक्षाची किल्ली आणि डिमरची माहिती असलेला एक कर्मचारी तेवढा हजर ठेवावा.

आपले,
छोट्या संस्थांसाठी प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, रंगमंच व्यवस्था आणि प्रसिद्धी सांभाळणारे रंगकर्मी